‘उंदरांमधला लिव्हरचा कॅन्सर बरा झाला’ म्हणजे नक्की काय झाले?

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. त्या निमित्ताने आम्ही वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात कावीळ आणि लिव्हरच्या आजारांविषयी छोटे शिबिर घेतले होते. शिबिर आटोपून सतरंज्या गोळा करत होतो, तेव्हा एक तरुण जवळ आला. त्याच्या वडिलांना लिव्हरचा कॅन्सर आहे, मुंबईत उपचार चालू आहेत. त्याने मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर फिरत आलेली बातमी होती. शास्त्रज्ञांनी एक जनुक बंद केले आणि लिव्हरमधली गाठ नाहीशी झाली. ‘उंदरांवरील प्रयोगात’ हे शब्द खाली कुठेतरी बारीक अक्षरात होते.

“ताई, हे औषध आपल्याकडं आलंय का? डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही. तुम्ही विचारता का?”

“अरे, ते उंदरांवरचं आहे,” मी म्हणाले.

“मग? उंदरात होतं तर माणसात का नाही होणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी समाजशास्त्र शिकलेली, वैद्यकशास्त्र नाही. पण प्रश्न अगदी सरळ होता, आणि असे मेसेज आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर येतात. म्हणून पुढचे काही महिने सवड मिळेल तसे वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले. त्यातून जे समजले ते इथे मांडते आहे.

आधी या आजाराचा आवाका लक्षात घेऊ. २०२२ साली जगभरात लिव्हरच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ५८ हजार लोक त्याने दगावले. या दोन आकड्यांमध्ये किती थोडे अंतर आहे ते पाहा. आजार कळतो तोवर बहुतेकांच्या बाबतीत उशीर झालेला असतो. लिव्हर मुकाट्याने सोसणारा अवयव आहे. हिपॅटायटिस बी किंवा सी चा विषाणू, दारू, साठलेली चरबी यांपैकी कशानेही तो वीस-तीस वर्षे झिजत राहतो आणि मग एके दिवशी सोनोग्राफीत गाठ दिसते. त्या वीस-तीस वर्षांत आत काय घडले, पहिली पेशी कधी बिघडली, हे माणसात बसून पाहता येत नाही. ते पाहण्यासाठीच उंदीर लागतो.

प्रयोगशाळेतला उंदीर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरा उंदीर येतो. प्रत्यक्षात संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा वाण काळा आहे. त्याचे नाव सी५७ ब्लॅक सिक्स. वजन वीस-तीस ग्रॅम, गर्भकाळ जेमतेम तीन आठवडे, दीड-दोन महिन्यांत वयात येतो आणि साधारण दोन वर्षे जगतो. म्हणजे माणसाच्या आयुष्यभराची गोष्ट दोन वर्षांत पाहता येते. २००२ साली उंदराचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या जवळजवळ ९९ टक्के जनुकांना माणसात जोडीदार जनुक असल्याचे दिसले. हा आकडा बातम्यांत फार मिरवला जातो. पण जनुके तीच असली तरी ती कधी, कुठे आणि किती काम करतात यात मोठा फरक असतो.

जुनी पद्धत रसायनाची होती. डायएथिलनायट्रोसामाइन नावाचे रसायन दोन आठवड्यांच्या पिल्लाला टोचले की काही महिन्यांत त्याच्या लिव्हरमध्ये गाठी येतात. ही पद्धत आजही वापरात आहे. तिची अडचण अशी की हे रसायन पेशीतल्या डीएनएची असंख्य ठिकाणी मोडतोड करते. चाळीतल्या सगळ्या वायरिंगवर पाणी पडले आणि दिवे गेले, तर नेमकी कुठली तार जळाली म्हणून अंधार झाला ते कसे सांगणार? एकच तार तोडून पाहायची सोय हवी होती. ती जनुकबदलाने मिळाली.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी उंदराच्या फलित अंड्यात बाहेरचे जनुक सूक्ष्म सुईने सोडण्याचे तंत्र घडवले. वाढीच्या संप्रेरकाचे जनुक घातलेले त्यांचे दांडगे उंदीर १९८२ मध्ये जगभर गाजले. लगेच कॅन्सरचे संशोधक या वाटेने गेले. लिव्हरसाठी त्यांनी एक युक्ती केली. अल्ब्युमिन हे प्रथिन मुख्यतः लिव्हरच बनवते, म्हणजे अल्ब्युमिनच्या जनुकाला चालू करणारे बटण लिव्हरमध्येच दाबले जाते. कॅन्सर घडवणारे जनुक त्या बटणाला जोडले की ते बाकी शरीरात गप्प राहते आणि लिव्हरमध्ये जागे होते.

हिपॅटायटिस बी च्या बाबतीत या तंत्राने जे उलगडले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते, कारण त्याचा संबंध थेट आपल्या घरांशी आहे. हा विषाणू उंदराला होतच नाही. उंदराच्या लिव्हरच्या पेशीत शिरायला त्याला दारच मिळत नाही. माणसातले ते दार कोणते, हेही बीजिंगच्या वेनहुई ली यांच्या गटाने २०१२ मध्ये शोधले. त्याच्या कितीतरी आधी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्रान्सिस चिसारी यांनी वेगळी वाट काढली होती. विषाणू आत शिरत नसेल तर त्याचे जनुकच उंदराच्या वंशात घालायचे. १९८५ मध्ये असे उंदीर तयार झाले. त्यांच्या लिव्हरच्या पेशी जन्मापासून विषाणूचे प्रथिन बनवत होत्या.

त्यातल्या एका वंशात हे प्रथिन इतके साठले की पेशी मरू लागल्या. मेलेल्या पेशींच्या जागी नव्या, त्या मेल्या की पुन्हा नव्या, असे चक्र चालून अखेर कॅन्सर झाला. हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण इतर वंशांतले उंदीर ते प्रथिन अंगावर घेऊनही ठणठणीत राहिले. जन्मापासून सोबत असल्याने त्यांच्या प्रतिकारशक्तीला ते परके वाटतच नव्हते. मग १९९८ मध्ये चिसारींच्या गटाने अशा धडधाकट उंदरांची स्वतःची प्रतिकारयंत्रणा काढून टाकली आणि तिच्या जागी, त्या प्रथिनाला शत्रू म्हणून ओळखणाऱ्या दुसऱ्या उंदरांच्या प्रतिकारपेशी भरल्या. आता लढाई सुरू झाली. शत्रू प्रत्येक पेशीत होता, त्यामुळे लढाई कधी संपेना. लिव्हर महिनोन्‌महिने धुमसत राहिले आणि त्यातून कॅन्सर झाला. बाहेरून कोणतेही विषारी रसायन दिलेले नव्हते.

म्हणजे शरीराची अर्धवट, न जिंकता येणारी, वर्षानुवर्षे चाललेली लढाईसुद्धा कॅन्सरला पुरेशी ठरू शकते. विषाणू माणसात याखेरीज इतर मार्गांनीही नुकसान करतो, हे खरे. पण शिबिरात लोक सांगतात, “रक्तात बी निघाली होती, पण मला काही त्रास नाही, म्हणून परत गेलो नाही.” त्यांना मी आता हीच गोष्ट सांगते. त्रास नाही म्हणजे आत धुमसत नाही असे नव्हे. डॉक्टर दर काही महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी करायला सांगतात ते उगीच नाही.

जनुक घालण्याप्रमाणे ते काढताही येऊ लागले. या तंत्राच्या पायाभूत कामासाठी मारिओ कापेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ चे नोबेल मिळाले. मात्र काही जनुके इतकी गरजेची असतात की ती सगळ्या शरीरातून काढली तर पिल्लू जन्मतच नाही. म्हणून जनुकाच्या दोन्ही टोकांना खुणा करायच्या आणि त्या खुणांवर कापणारी जैविक कात्री फक्त लिव्हरमध्ये चालू करायची. तिथेही अल्ब्युमिनचेच बटण कामी आले. २००४ मध्ये जपानी संशोधकांनी पेशींच्या वाढीला लगाम घालणारे पीटेन हे जनुक असे फक्त लिव्हरमधून काढले. उंदरांच्या लिव्हरवर आधी चरबी चढली, मग सूज आली, मग कॅन्सर झाला. दारूचा थेंबही नसताना फॅटी लिव्हर ते कॅन्सर हा प्रवास कसा होऊ शकतो, ते त्यात टप्प्याटप्प्याने दिसले. ‘तो तर पीत पण नव्हता’ हे वाक्य आपण किती अंत्ययात्रांत ऐकतो!

आता त्या तरुणाच्या मोबाइलवरच्या बातमीकडे येते. तसाच एक प्रयोग २००४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात डीन फेल्शर यांच्या प्रयोगशाळेत झाला होता. उंदरांच्या लिव्हरमध्ये मिक नावाचे कॅन्सरकारक जनुक घातले होते आणि त्याला एक स्विच जोडला होता. स्विचची चावी म्हणजे डॉक्सिसायक्लिन हे साधे अँटिबायोटिक. ते पिण्याच्या पाण्यात मिसळले की मिक बंद, पाण्यातून काढले की मिक चालू. मिक चालू ठेवले तेव्हा आक्रमक कॅन्सर झाला. मग पाण्यात औषध मिसळून ते बंद केले. गाठी ओसरल्या. कॅन्सरच्या पेशी पुन्हा लिव्हरच्या साध्या पेशींसारख्या दिसू-वागू लागल्या. इथपर्यंत वाचताना मलाही वाटले होते की झाले, उपाय सापडला. पण पुढची ओळ वेगळी आहे. औषध काढून मिक पुन्हा चालू केले, तेव्हा त्याच पेशींतल्या काहींनी लगेच कॅन्सर उभा केला. त्या मेल्या नव्हत्या, निजल्या होत्या.

२००७ मध्ये स्कॉट लोव्ह यांच्या गटाने असाच प्रयोग पी-५३ या जनुकावर केला. पी-५३ हा पेशीतला पहारेकरी. माणसांच्या कितीतरी कॅन्सरमध्ये तो निकामी झालेला असतो. उंदरांत तो मुद्दाम झोपवून लिव्हरचा कॅन्सर घडवला आणि मग जागा केला. काही दिवसांपुरता जागा केला तरी गाठी आक्रसल्या. गंमत म्हणजे कॅन्सरच्या पेशी त्याने थेट मारल्या नाहीत. त्यांना म्हातारे केले, आणि त्या म्हाताऱ्या पेशी साफ करायला शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणा धावून आली.

या दोन्ही प्रयोगांत स्विच कुठून आला, ते पाहा. तो शास्त्रज्ञांनीच आधी मुद्दाम बसवलेला होता. त्या तरुणाच्या वडिलांच्या गाठीत असा स्विच नाही. त्यांनी डॉक्सिसायक्लिनच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी काही बंद होणार नाही. या प्रयोगांतून औषध हाती आलेले नसते. ‘हे जनुक रोखता आले तर गाठ त्यावरच जगते आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर आलेले असते. ते उत्तर ‘हो’ असले, तर मग माणसात त्या जनुकाला रोखणारे रसायन शोधायचे काम सुरू होते, आणि ते काम दशके चालू शकते. मिक तर औषधांना दाद न देणारे म्हणून कुप्रसिद्ध आहे. बातमी देणारा नेमकी हीच मधली पायरी गाळतो.

अलीकडे तर नवा वंश वाढवण्याचीही गरज उरलेली नाही. प्रौढ उंदराच्या शेपटीच्या शिरेतून डीएनए मिसळलेले द्रावण काही सेकंदांत जोराने सोडले की त्याचा मोठा भाग लिव्हरमध्ये घुसतो. १९९९ पासून ही पद्धत रूढ आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत याच मार्गाने क्रिस्परची कात्री लिव्हरमध्ये पोहोचवून पीटेन आणि पी-५३ ही दोन जनुके एकदम कापली आणि कॅन्सर घडवला गेला. पूर्वी ज्याला दोन-तीन वर्षे लागत ते काही महिन्यांवर आले.

हे सगळे असूनही ‘उंदरात होतं तर माणसात का नाही’ याची कारणे बरीच आहेत.

माणसात बहुतेक लिव्हर कॅन्सर आधीच सिरॉसिस झालेल्या, म्हणजे घट्ट, खरबरीत, व्रणांनी भरलेल्या लिव्हरमध्ये उगवतो. रुग्णाला गाठ मारतेच, पण निकामी लिव्हरही मारते, आणि अशा लिव्हरला अनेक औषधे झेपत नाहीत. बहुतेक जनुकबदल उंदरांत गाठ तेवढी असते, भोवतालचे लिव्हर बऱ्यापैकी शाबूत असते. दुसरे, माणसाच्या लिव्हर कॅन्सरमध्ये सर्वाधिक आढळणारा बिघड टेलोमरेज या प्रथिनाला चालू करणाऱ्या बटणात असतो. माणसाच्या प्रौढ पेशींत ते सहसा बंद असते, म्हणून कॅन्सरला ते उघडावे लागते. उंदराच्या पेशींत ते अनेक ठिकाणी आधीच चालू असते. जे दार मुळात उघडेच आहे, ते फोडण्याचा अभ्यास तिथे कसा करणार?

तिसरे कारण बुरशीचे आहे, आणि त्यावर थोडे थांबते. दमट जागी साठवलेल्या मका-शेंगदाण्यावर जी बुरशी येते तिच्यातले अफ्लाटॉक्सिन हे लिव्हरचे जहाल विष आहे. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे काविळीने मेली. बहुतेक गरीब आदिवासी. त्यांच्याकडे दुसरे धान्यच नव्हते. हे विष असे थोडे-थोडे वर्षानुवर्षे पोटात गेले की कॅन्सर होतो. चीन आणि आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठींत पी-५३ जनुकावर एका ठरावीक जागी त्याच्या बोटाचा ठसा १९९१ मध्ये सापडला. आणि प्रौढ उंदीर? त्याच्या लिव्हरमधले एक विकर हे विष पटकन निकामी करते. तो अफ्लाटॉक्सिन बऱ्यापैकी पचवतो. ते विकर बनवणारे जनुक काढून टाकले तेव्हाच उंदीर या विषाला बळी पडू लागला.

शिवाय प्रयोगातल्या उंदराला एक कारण दिलेले असते. एकच जनुक, एकच विषाणू, एकच चरबीयुक्त आहार. पिंजरा स्वच्छ, खाणे मोजून-मापून. आपल्या वस्तीतल्या माणसाच्या लिव्हरवर जन्मापासूनची हिपॅटायटिस बी, रात्रीची देशी, साठ्यातले जुने शेंगदाणे आणि चाळिशीतला मधुमेह असे सगळे एकाच वेळी बसलेले असते. कारणांचा हा गठ्ठा एका उंदरात बांधता येत नाही. तरी संशोधक वेगवेगळ्या कारणांचे उंदीर शेजारी ठेवून पाहतात आणि त्यातून उपयोगाचे हाती लागते. प्रतिकारशक्ती जागवणारी नवी औषधे फॅटी लिव्हरमधून आलेल्या कॅन्सरवर कमी चालत असावीत, हा इशारा २०२१ मध्ये अशाच उंदरांच्या अभ्यासातून पुढे आला.

शिबिरानंतर हे मी आमच्या महिला मंडळात सांगत होते, तेव्हा एका मावशीने विचारले, “आणि त्या उंदरांचं काय गं? पंचशील घेतो आपण.” पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे, आणि लिव्हर तपासायचे तर प्रयोगाच्या अखेरीस उंदीर मारावाच लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्रीय समिती आहे. प्रत्येक संस्थेत नैतिकता समिती असावी लागते, तिच्या मंजुरीशिवाय प्रयोग करता येत नाही. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रातही प्रयोगासाठी उंदीर पाळले जातात, त्यांनाही हेच नियम. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे यामागे आहेत: शक्य तिथे प्राणी टाळा, लागतील तितके कमी वापरा, त्यांच्या यातना कमी करा. गाठ ठरावीक मर्यादेपलीकडे वाढू न देता प्रयोग थांबवणे हा त्यातलाच भाग. मावशीचे यावर समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही. मला एवढेच वाटते, की हजारो जिवांच्या बदल्यात मिळालेली माहिती कपाटात पडून राहणे हे आणखी वाईट.

माहिती कपाटात का राहते, याची एक बाजू पैशाचीही आहे. १९८८ मध्ये अमेरिकेने हार्वर्ड विद्यापीठाला कॅन्सरप्रवण उंदरावरच पेटंट दिले. जिवंत प्राण्यावर मालकी! कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते नाकारले. औषधांचेही तसेच. सोराफेनिब ही लिव्हरच्या पसरलेल्या कॅन्सरवरची पहिली गोळी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने रुग्णांचे सरासरी आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले, म्हणजे तीन महिन्यांहून थोडे कमी वाढले. त्या तीन महिन्यांसाठी भारतात महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातला पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि तीच गोळी महिना ८,८८० रुपयांना बनवायची मुभा भारतीय कंपनीला मिळाली. उंदरापासून रुग्णापर्यंतच्या वाटेत असाही एक टप्पा असतो.

त्या तरुणाला मी पुन्हा भेटले. बातमीतला स्विच काय होता ते कागदावर काढून दाखवले. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे बाबांसाठी नाही हे.” मी नाही म्हणाले. चालू उपचार सोडू नका, असे सांगितले. वडिलांना हिपॅटायटिस बी होता हे त्यांच्या फाइलमध्ये लिहिलेले होते, पण घरात कुणाचीच तपासणी झालेली नव्हती. राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयात मोफत आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या आठवड्यात आई, तो आणि धाकटी बहीण असे तिघांचे रक्त दिले. आई आणि मुलगा निगेटिव्ह आले. बहीण पॉझिटिव्ह आली, तिचे पुढचे उपचार सुरू झाले आहेत. तिला दीड वर्षाचे बाळ आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बी ची लस मिळाली होती का, ते लसीकरणाच्या कार्डावर पाहायचे आहे. कार्ड सासरी, गावाला आहे. ती रविवारी आणायला जाणार आहे.